झाडलेला रस्ता

डिंडोली, सुरत
१८ जानेवारी २०२५

प्रिय योगराजदादा,

नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? आईने तुमच्यासाठी तिळगूळ बाजूला काढून ठेवला आहे. तुम्ही पुण्याच्या ऑफिसात गेलात, तरी तिच्या लेखी अजून आमच्या सोसायटीतलेच. म्हणून मेल न करता कागदावर लिहिते आहे.

तुमचा रिपोर्ट पुन्हा वाचला. "चालकाच्या चुकीमुळे गाडी उलटली." वा! सत्तावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या, आपल्या टेस्टच्या गाडीवरच्या सुकलालकाकांची चूक तुम्हाला पुण्यात बसून दिसली? त्यांचा गुडघा मोडला आहे, आणि या एका ओळीमुळे टेस्टिंगला त्यांना पुन्हा कोणी उभं करणार नाही.

दादा, तुम्हीच शिकवलंत मला. गाडीचं तोंड एकीकडे आणि गाडी चालली भलतीकडे, हा मधला कोन विकायच्या गाडीत मोजत नाहीत, कारण ते यंत्र फार महाग. स्टिअरिंग, चाकांचा वेग, गाडी किती भरभर वळते, यांवरून आपला प्रोग्रॅम अंदाज बांधतो आणि घसरणारी गाडी सावरायला आपोआप ब्रेक लावायचे की नाही ते ठरवतो. त्या दिवशी गाडी हळूहळू सरकत गेली. प्रोग्रॅम म्हणाला, एक अंश. टेस्टसाठी गाडीखाली लावलेलं खरं यंत्र म्हणत होतं, अकरा. ब्रेक लागलेच नाहीत. मग तो अकराचा आलेख रिपोर्टातून गेला कुठे? उंदरांनी खाल्ला?

अंदाज का चुकला तेही तुम्हाला ठाऊक आहे. बारडोलीकडच्या आपल्या टेस्टच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमधून पाचट पडतं. डेटा स्वच्छ यावा म्हणून दर टेस्टआधी आपण केशरकाकूंकडून, काकांच्याच बायकोकडून, तो झाडून घ्यायचो. तीन वर्षं! काकू एकदा म्हणाल्या होत्या, "लोकेसन्या गाड्या जातीन तव्हयबी मीच झाडाले येऊ का वं?" लोकांच्या गाड्यांपुढे काकू कशा झाडणार, म्हणून आपण दोघंही हसलो. दवाने ओलं, निसरडं झालेलं पाचट आपल्या प्रोग्रॅमने कधी पाहिलंच नाही.

संक्रांतीला काकू सुट्टीवर होत्या. रस्ता झाडलेला नव्हता. काकांनी विचारलं, "जाऊ का बेटा?" मी म्हटलं, "जा."

चौकशीत मी हे बोलले नाही. आणि रिपोर्टाखालची दुसरी सही माझीच आहे. तुम्ही फोनवर म्हणालात, "सही कर, नोकरी सांभाळ," आणि मी केली. काल दवाखान्यात काकांनी त्यांचं काय चुकलं ते मलाच विचारलं, "तू तं कंप्युटरमा देखं. मनी काय चुकी व्हयनी?" तुमच्यावर चिडले आहे, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटते.

सोबत नवा रिपोर्ट आहे. आलेख जागेवर आहे, आणि मी काय म्हटलं तेही. माझी सही केली आहे, तुमची जागा मोकळी आहे. ती भरली नाहीत तरी सोमवारी हा कागद पुढे जाणार.

तिळगूळ पाठवत नाही. यंदा गोड बोलणं मला जमणार नाही.

काकांना "जा" म्हणणारी,
स्वप्ना