आईच्या नावाची चिठ्ठी

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आई सुखरूप पोचली. माझ्या औषधांच्या दुकानात खुर्ची टाकून बसते नि गिऱ्हाइकांना पथ्यं सांगते. डॉक्टरची आई, कोण अडवणार! जेवली की नऊच्या आत घोरायला लागते.

काल तुझी नेहमीची चिठ्ठी आली. आईच्या नावाने, वय बाहत्तर, झोपेच्या गोळ्या, तुझ्या पत्त्यावर पाठवायच्या. अरे, आई माझ्यासमोर बसलीय! विचारलं तर म्हणाली, झोपेची गोळी तिने जन्मात घेतली नाही. दोन वर्षं मी डोळे झाकून पाकिटं पाठवतेय. कोण खातंय त्या? खरं काय ते लिही.

तुझी,
ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई तुझ्याकडे आहे हेच चिठ्ठी लिहिताना विसरलो. इतका थकलोय गं. मीच खातो. आधी अर्धी घ्यायचो, आता चार घेऊनही झोप नाही. दिवसभर पेशंटना भूल देतो. परवा एका बाईंसाठी औषध दुप्पट भरलं. सिस्टरने हात धरला म्हणून त्या वाचल्या. ती कुणाला काही बोलली नाही, त्याचीच जास्त लाज वाटते.

कळलं तर मला कोण दारात उभं करेल? एवढा महिना पाठव, मग मीच कमी करतो. आईला सांगू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाठवणार नाही. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल, हे दुकानात बसून मला कळतं, तुला कळत नाही होय? आजच दुसऱ्या डॉक्टरकडे जा, सगळं सांग. त्यांनी तुझ्या नावाने लिहून दिलं तर तेवढंच देईन. तोवर कुणाला भूल द्यायची नाही. भाऊ म्हणून मीही काही विचारलं नाही, चुकलंच माझं.

रागावलेय, पण घर तुझंच आहे.
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत चिठ्ठी आहे. अक्षर मनोविकारतज्ज्ञ बाईंचं, नाव माझं. आठवड्यापुरत्याच गोळ्या, दर आठवड्याला कमी होणार. तीन महिने मला ऑपरेशन थिएटर बंद. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना मीच सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, त्यांनी दार लावून मला पाणी दिलं.

बाईंनी वय विचारलं तेव्हा सवयीने बाहत्तर म्हणालो. त्या हसल्या नाहीत. मग मला रडूच आलं.

गोळ्या पाठवू नकोस, चार दिवसांनी मीच तिकडे राहायला येतो. त्या आईच्या हाती दे, रोजची तीच देईल. आणि मी यायच्या आत तिला हे पत्र वाचून दाखव. माझ्याच्याने तोंडाने सांगवणार नाही.

लोभ असू दे, ओरडण्यासकट.
तुझा धाकटा, वय सेहेचाळीस