फुंकणीचा श्वास

आई, आज माझा पहिला वर्ग झाला आणि तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. साठीला आलेली मी, गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये आठ बायकांना चटईवर आडवं पाडून व्यायाम शिकवतेय, ऐकतेस ना? याला आता पिलाटेस म्हणतात. नाव परदेशी, चटया जांभळ्या. पण गुडघे उभे करून उताणं झोपायचं, पावलांत कमरेएवढं अंतर ठेवायचं, खांदे कानांपासून लांब, हनुवटीखाली लिंबू धरल्यासारखी मान, हे सगळं मला कोर्सच्या पहिल्याच दिवशी येत होतं. शिकवणारी पोरगी म्हणाली, काकू, तुम्ही आधी केलंय का हे? मी म्हटलं, केलं नाही गं, करून घेतलंय.

तुझी कंबर धरली ते वर्ष माझ्या सातवीचं. पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्या माडीवर, नळ खाली अंगणात, आणि भरलेला हंडा घेऊन जिना चढताना तू मधल्या पायरीवर थांबलीस ती थांबलीसच. बाबांनी उचलून वर आणलं. ते ओझरला विमानाच्या कारखान्यात, पहाटे बस गाठायची, धाकटा अजून रांगत होता, म्हणून विंचूरहून आत्या आली. आत्या कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने घर ओढलं आणि एकदा जेवताना बाबांना सांगूनच टाकलं, "मला बी माझं घर हाय. पोरीची सातवी झाली, लय झालं. आता तिला पाणी भरू दे." बाबा भात कालवत राहिले. तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली, तिथूनच म्हणालीस, "जूनमध्ये पोरगी शाळेत जाईल. पाणी मी भरीन." आत्या हसली. मीसुद्धा मनात म्हटलं, आता ही कसली भरतेय.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने तुला गोधडीवर करायचे चार-पाच प्रकार दाखवले आणि घरी लक्ष ठेवायला मला नेमलं. दुपारी आत्या धाकट्याला घेऊन शेजारी गेली की आपण स्वयंपाकघराचं दार लावतो, गोधडी अंथरतो, आणि माझा पंजा जातो तुझ्या कमरेखालच्या पोकळीत. पोटाने नीट काम केलं तर पाठ हलकेच खाली येऊन माझा हात धरणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. पण येतेय कुठली! निऱ्या खोचताना घेतात तसं तू पोट आत घ्यायचीस, श्वास कोंडून, तोंड लालबुंद, आणि माझा हात मोकळाच. मला इतकी चीड यायची. शाळा माझी जाणार होती ना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अगं, माहेरी चूल पेटवायचीस ना, तशी फुंकणी फुंक." तू ओठांचा चंबू केलास, लांब फुंकर सोडलीस, आणि आई गं, बरगड्या खाली, बेंबी आत, माझा हात अडकला. तू हसायला लागलीस आणि हसण्यात तो परत सुटला.

मग काय, गाडी सुटलीच. फुंकर सोडत एक गुडघा छातीशी, तो खाली ठेवून मग दुसरा. मग कंबर उचलून पूल, आधी माकडहाड, मागोमाग एकेक मणका, आणि उतरताना वरून खाली, घाई करायची नाही. दुखलं तर कमी उचलायचं, दातओठ खायचे नाहीत. अडचण फक्त साडीची. पाय वर गेला की साडी गुडघ्यावर. त्यावर तू बाबांचा कारखान्यातला जुना निळा बॉयलर सूट चढवलास. बाह्या दुमडलेल्या, डोक्याला अंबाडा, कपाळाला कुंकू आणि खिशावर ग्रीसचा डाग! त्याच अवतारात आत्याने तुला पकडलं. तू पुलावर, आत्या दारात, आणि मला वाटलं आता आपला खेळ खलास. तू दचकून खाली आली नाहीस. "वन्सं, दार लावा," एवढंच म्हणालीस आणि फुंकर सोडत सावकाश उतरलीस. आत्याने दार लावलं, पण बाहेर गेली नाही, आत येऊन बसली आणि बघत राहिली.

शाळा उघडायच्या दिवशी मी गणवेश घालून जिन्यात उभी होते. दप्तर मुद्दाम खोलीतच ठेवलेलं, उगाच आशा नको म्हणून. डॉक्टरीणबाईंनी हंड्याला सक्त मनाई केली होती, कळशीला परवानगी होती. तू गुडघ्यात वाकलीस, पाठ सरळ, कळशी अंगाशी धरलीस आणि अशी फुंकर सोडलीस की साऱ्या अंगणाला ऐकू गेली. एकेक पायरी, फू, फू. मधल्या पायरीशी आलीस तसा माझा जीव वरखाली. तू थांबलीच नाहीस. वर आलीस, कळशी ठेवलीस आणि विचारलंस, "दप्तर कुठाय?" आत्या त्याच आठवड्यात विंचूरला गेली. निघताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ते फुंकणीचं कसं करत्यात, एकदा दाव की.

आज शेवटच्या चटईवर एक बाई होती, तुझ्या तेव्हाच्या वयाची, तशीच श्वास कोंडून लालबुंद झालेली. मी फुंकणी म्हटलं तर तिला फुंकणीच ठाऊक नाही. मग म्हटलं, गरम चहावर घालतेस तशी फुंकर घाल, पण लांब. कमरेखाली हात सरकवला. तिने फुंकर घातली आणि माझा हात अडकला, आई. बाकीच्या सात जणी पाय उचलून थांबलेल्या, आकडे मी म्हणायचे होते, आणि मी पार विसरले. कुणीतरी म्हणालं, मॅडम, खाली ठेवू का पाय? तेव्हा कुठे भानावर आले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, माझ्या चटईच्या गुंडाळीतच राहील. पण एक सांगते, तुझ्यापुरतं ठेव. त्या बाईची फुंकर संपली तेव्हा माझा हात सुटला होता. तरी मी तो तिथेच ठेवला, पुन्हा अडकतोय का बघायला.