सोजरबाईच्या वाट्या

पुणे, ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. पौर्णिमास,
अ. उ. आ. व जयभीम.

फोनवर मला आता धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तूही लिहूनच उत्तर दे. अश्वजितची ठाण्याला बदली होऊन गेली. ज्या मुलासाठी तू वाशिमला गेलीस तोच तिथं नाही, मग तू काय करतेस? मागच्या पत्रात अर्धं पान वांग्यांवर आहे आणि परत येण्यावर एक ओळ नाही.

ही तुझी घरमालकीण सोजरबाई रोज वाटीभर काहीतरी घेऊन वर येते म्हणतेस. कशासाठी? इथं समोरच्या बाईंना माझं आडनावही माहीत नाही. आणि तिचा जऊळका गावचा भाऊ जगदेव तुला तुरीच्या शेंगा आणून देतो. तो एकटाच असतो का? शेंगा तू सोलतेस की दोघं मिळून, तेही कळव.

तुझी खोली रंगवून घेतली आहे. येणार नसशील तर कॉलेजच्या मुलीला देईन. त्या बाईच्या वाट्या परत कर आणि ये.

तुझ्या काळजीत, पण डोळे उघडे ठेवून,
धम्मदीपाताई

वाशिम, ता. ३ डिसेंबर २०२४

ति. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मलाही शंका यायला लागल्या. सोजरबाई वर आली की खोलीभर नजर फिरवते. कपाटाकडे बघते. मला कोण कोण नातलग आहेत ते विचारते. एरवी तिची मिरचीची भाजी खाताना डोळ्यांत पाणी आलं नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही, पण तुझं पत्र आलं त्या दिवशी वाटी तशीच झाकून ठेवली.

मग नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टरनी आपल्याला शिकवलं होतं तेच केलं, दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून परत द्यायची. साठलेल्या सगळ्या वाट्या लख्ख घासल्या आणि पिशवीत घालून तिच्या दाराशी ठेवल्या.

ताई, इथं वाटी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आणि या गल्लीत सगळी भांडी एकदम परत करतो तो गाव सोडून निघालेला भाडेकरू. मला काय माहीत! सकाळी सोजरबाई दारात उभी. डोळे लाल, हातात वाटेसाठी दशम्या आणि जवसाची चटणी. खाली जगदेवभाऊ स्टेशनवर सोडायला ऑटो घेऊन आलेले, आधी कोणती बॅग उचलू विचारत होते. ती म्हणाली, मॅडम, जाऊन राह्यल्या त तोंडानं सांगाचं होतं, भांड्यायच्या हातून कायले सांगता?

मी कुठंही जात नाही म्हटल्यावर ती मटकन खाटेवर बसली. रोज खोलीभर का बघायची तेही निघालं. मी सामान बांधायला घेतलं का, ते तपासायची! तिचा संशय तुझ्यावर. म्हणाली, तुमची ताईच तुमाले ओढून राह्यली, मले पक्कं मालूम हाये.

जगदेवभाऊंना बायको आहे, नातवंडं आहेत. शेंगा सोलायला सगळी येतात आणि निम्म्या खाऊन जातात. पुण्यात उभी हयात शिकवलं, पण पाटणी चौकातली भाजीवाली अंजू हाताला धरून विचारते, कायले एवढी वाळली वं माय? असं आईनंतर कोणी विचारलं नव्हतं.

मी येत नाही, ताई. खोली त्या मुलीला दे. जगदेवभाऊंचा जावई पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर दशम्या आणि चटणी पाठवते.

रागव, पण लिहीत राहा.
तुझी,
पौर्णिमा

पुणे, ता. ८ डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमास,
आशीर्वाद व जयभीम.

दशम्या पोचल्या. खात्री करायला एक खाल्ली, पटेना म्हणून दुसरी. चटणी संपत आली तरी त्या बाईच्या मनात काय आहे ते मला कळलेलं नाही.

खोली बघायला एक मुलगी आली होती. पंखा फार आवाज करतो सांगून मी तिला घालवलं. पंखा आवाज करतो की नाही, मला काय ऐकू येणार? दाराची बेलसुद्धा आता ऐकू येत नाही. तू आलीस तर दार उघडायला कोणी असेल, एवढाच माझा स्वार्थ होता. सोजरबाईचा संशय अगदीच खोटा नाही.

आता माझा एक संशय. वांगी, मिरच्या, चौक, सगळं लिहिलंस. पण तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते की नाही, हे एका शब्दानं लिहिलं नाहीस. हे तू मुद्दाम लपवलंस का?

उलट टपाली खरं काय ते कळव.
तुझीच,
ताई