कालचीच यादी

सोमवार
लागली एकदाची नोकरी. धाकटी म्हणते, ताई, तू जमिनीवरचं बघ, वरचं मी बघते. ती याच विमान कंपनीत हवाईसुंदरी, म्हणून मी आता तिच्या दोन खोल्यांत राहायला आले आहे. माझं काम विमानतळावरच्या क्रूच्या ऑफिसात. उड्डाणाआधी क्रूमधल्या पाचही जणांचे परवाने आणि वैद्यकीय दाखले तपासायचे, नावांची यादी करून पाठवायची. ऑफिसला खिडकी नाही, पण चहाचं मशीन झकास आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळे धांदलबाई म्हणतात. त्या चालत नाहीत, सुटतात. त्यांनी आल्या आल्या मंत्र दिला: घाई असली की कालची यादी घ्यायची, तारीख बदलायची आणि मोकळं व्हायचं. विमान अडलं तर साहेब सालटी काढतात, यादी काय, मागाहून सुधारता येते. मला बाई फार आवडल्या.

बुधवार
आज माझी तारांबळ उडाली. गालावरच्या खळीमुळे जिचं नावच खळी पडलंय, त्या हवाईसुंदरीने ऐनवेळी पोट बिघडल्याचं कळवलं. चौघांवरच विमान सोडायचं ठरलं. साहेब डोक्याशी उभे. मी कालचीच यादी पाठवली, खळीच्या नावासकट.
संध्याकाळी सुधारायला बसले, तर परतलेल्यांच्या नोंदीत पाच जण. हजेरीच्या मशीनवर अंगठेसुद्धा पाच. खळीला फोन केला. ती घरी अंथरुणात होती. हसून म्हणाली, मशीनचंच पोट बिघडलं असेल. मीही हसले. यादी सुधारायची मात्र राहिली. गेलेले आणि आलेले जुळले की कॉम्प्युटर ती उघडूच देत नाही.

शुक्रवार
खळी कामावर आली आणि तिचा पास चालेना. गेटवरचा शिपाई म्हणाला, खळी तर मघाशीच आत गेली. साहेबांनी दाराच्या काचेतून बघून विचारलं, ही बाई कोण? धांदलबाईंनीही ओळखत नाही म्हणून मान हलवली. त्या आणि खळी इतकी वर्षं एका डब्यात जेवल्या आहेत. मी ओरडून सांगितलं की ही खळी आहे. साहेब म्हणाले, यादी जुळते, माणसं जुळतात, मग तुझंच काय बिनसलंय?
तेवढ्यात आतून खळी आली. गालावर तशीच खळी. माझ्याकडे बघून हसली आणि मी गेटकडे धावले. बाहेरची गजांना धरून रडत होती. मी पोचेपर्यंत नाहीशी झाली. हे माझ्या हातून झालं आहे.

शनिवार
कालचं वाचलं. अक्षर माझंच. पण गेटवर कुणी रडल्याचं मला आठवत नाही. खळी तर रोज येते कामावर. मग मी हे कशाला लिहिलं असेल?
धाकटीला वाचून दाखवलं. तिने माझी टर उडवली. तरी मी तिला शपथ घातली, की तू जाणार नसशील तर तुझं नाव यादीत जाता कामा नये.

रविवार
धाकटी तापाने फणफणली आहे. मी घरीच. धांदलबाईंना दोनदा फोन करून बजावलं, तिचं नाव काढा.

दुपारी
धांदलबाईंचा फोन. खुशीत होत्या. धाकटीची रजा कापली जाऊ नये म्हणून कालचीच यादी पाठवली म्हणे. तुझ्या बहिणीसाठी एवढं तर करीनच ना, म्हणाल्या. विमान उडालंय —
साहेब म्हणतात, उतरल्यावर बघू. उतरायच्या आत नाव काढा म्हणून विनवण्या केल्या. फोन ठेवला त्यांनी.
लिहून ठेवते. माझी धाकटी पलंगावर आहे. डाव्या भुवईत व्रण. झोपेत दात खाते. रागावली तरी ताईच म्हणते. ही खरी. विसरायचं नाही. ही खरी —

संध्याकाळी
उतरलं. पाच.
दार वाजतंय. धाकटीचा आवाज. ताई, उघड ना, पाय मोडून आलेत.
उघडायचं नाही. ती इथे आहे, तिचा हात माझ्या —

रात्र होत आली
धाकटी आली. दमलीय बिचारी. इतका वेळ दार का नाही उघडलं, म्हणते —
पलंगावर कुणी बाई आहे. ताप आहे तिला. मला ताई म्हणते. रडते. वर काहीतरी लिहिलंय हिच्याबद्दल, वाचायला वेळ नाही — धाकटी दार उघडून धरून उभी आहे. माझा हात सोडत नाही ही. एकेक बोट सोडवावं लागतंय, एवढं सुटलं की हिला बाहेर