चष्म्याचं घर

रशीद (इजिप्त), २७ फेब्रुवारी १९८६

चि. सुहैर हिस इन्साफताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र परवा आलं, पण वाचलं आज, कारण चष्मा सापडत नव्हता. शेवटी तुझ्या लेकीने तो भाकरीच्या टोपलीतून काढून दिला आणि वर मलाच दटावलं, की मावशी, एक दिवस तू स्वतःलाच हरवून बसशील. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! आठ वर्षांची पोर, पण बोलणं ऐंशीचं. तुझ्यावर गेलीय, माझ्यावर नव्हे.

रिहाम बरी आहे. दोन दात पडले, एक आला. शाळेत बाईंनी सांगितलंय, की एकवीस मार्चला आईच्या दिवशी विकतचं काही नको. आई रोज वापरते असं काहीतरी प्रत्येकाने हाताने करायचं. झालं! तेव्हापासून माझी कात्री, सुया, चिंध्यांचं गाठोडं, काही म्हणून जागेवर नाही. खोलीचं दार लावून बसते, मला आत येऊ देत नाही. काय करतेय देव जाणे. झालं की तुला पाठवते.

वरच्या मजल्याचे खांब उभे राहिलेत, सळया आभाळात गेल्यात. मी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. पोरीचा बाप सादिक गेल्यावर तिच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर असावं म्हणून तू ओमानात शिकवायला गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. आणखी एक वर्ष मुदत वाढवून घेऊ का, असं मला विचारतेस. मी बापडी काय सांगणार? घर तुझं, लेक तुझी. तब्येतीला जप.

इकडची माया आहे तशीच आहे, तिकडची आटू देऊ नकोस.

तुझी,
इन्साफ


सूर (ओमान), २१ मार्च १९८६

ती. इन्साफताईस धाकट्या सुहैरचा सलाम वि. वि.

आज वर्गातल्या मुलींनी मला कागदाची फुलं दिली. एकीने शिंपल्यांची माळ केली होती. तिचा बाप मच्छीमार आहे. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, की बाई, तुम्ही आमच्या आईसारख्या. मी हसून घेतलं सगळं. खोलीवर येऊन खिडकीत मांडलं आणि मग मला काही सुचेना. दुसऱ्यांच्या लेकींनी केलेली फुलं, ताई. रेडिओवर कैरो खरखरत लागलं होतं, आईची गाणी चालली होती. बंद करून टाकला.

रिहामचं पुडकं पोस्टात टाकलंस का? इथला कारकून मला दारात पाहिलं की मी तोंड उघडायच्या आतच मान हलवतो. मुदतवाढीच्या कागदावर मेअखेर सही हवी, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणतात. मी मनाशी एक वेडा कौल लावलाय. पुडकं येऊ दे, मग ठरवीन. तिला मी आठवत असेन, तर आणखी एक वर्ष काढायचं बळ येईल. नसेन, तर छप्पर घालून काय करायचंय?

पत्राला उशीर कर, पण मायेला करू नकोस.

तुझी,
सुहैर


रशीद, २९ मार्च १९८६

चि. सुहैर हिस अ. उ. आ.

रिहामने तुझ्यासाठी केलेली वस्तू सोबत पाठवते. चष्म्याचं घर आहे, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. तू चष्मा लावत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण पोरीची समजूत अशी, की शिकवणाऱ्या सगळ्या बायकांना चष्मा असतोच. शिवण वाकडी आहे, पण मी बोटही लावलेलं नाही.

चुलीवर वाल ठेवलेत, म्हणून आज एवढंच. लोभ कमी समजू नये.

तुझी,
इन्साफ


सूर, १८ एप्रिल १९८६

ती. इन्साफताईस सलाम वि. वि.

पुडकं पोचलं. पहिले दोन दिवस नुसती रडत होते. माझी पोटची पोर माझा चेहरा विसरली, मला चष्मा आहे की नाही हेही तिला आठवत नाही, एवढंच डोक्यात. मग ते घर हातात घेऊन नीट पाहिलं. कापड तुझ्या जुन्या झग्याचं. बटण तुझ्या तपकिरी कोटाचं. अस्तर दुहेरी, कारण तुझ्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. आणि दोरी एवढी लांब, की तुझ्या डोक्यावरून रुमालासकट खाली उतरावी. आता पुन्हा टोपलीत हरवायला नको, म्हणूनच ना?

ताई, तुला उभ्या जन्मात धड खोटं बोलता आलं नाही. खजूर तू खायचीस आणि बिया माझ्या उशाखाली ठेवायचीस, तेव्हाही अम्मीने तुलाच पकडलं होतं.

राग आला का, तर आला. तुझा हेवाही वाटला, लपवत नाही. तिला न्हाऊ तू घालतेस, तापात उशाशी तू बसतेस, आणि भेट तुला मिळाली तर पोटात माझ्या दुखतं! कसली मी आई. पण तू हे इकडे पाठवलंस, आणि ती पोर तिकडे रोज तुझ्या गळ्याकडे बघत असेल, त्याचं काय? परत पाठवतेय. मिळेल त्या क्षणी गळ्यात घाल. आणि माझी शपथ आहे, तिला माझ्यासाठी काही करायला सांगू नकोस. मागून मिळालेलं मला नको.

रागावलेल्या बहिणीवरही लोभ असतो म्हणतात, तसा असू दे.

सुहैर


रशीद, ४ मे १९८६

ती. आईस रिहामचा सलाम.

पोस्टमनकाकांनी पुडकं माझ्याच हातात दिलं. उघडलं तर मी केलेलं चष्म्याचं घर! मावशी म्हणाली होती, मळेल म्हणून कपाटात ठेवलंय. मग मावशी खूप रडली आणि म्हणाली, की कांद्यामुळे. घरात कांदा नव्हता. आता ती ते झोपतानासुद्धा काढत नाही. तरी काल चष्मा हरवलाच, कारण त्यात तिने सुईदोरा भरून ठेवला होता.

आई, तू रागावलीस का? बाई म्हणाल्या होत्या, आई रोज वापरते ते करा. मी आधी तुझाच विचार केला. पुष्कळ दिवस केला. पण तू रोज काय वापरतेस ते मला माहीतच नाही. उन्हाळ्यात येतेस तेव्हा तू बॅग वापरतेस. बॅग मला येत नाही, तिला चेन लावावी लागते. म्हणून मग मावशीचं केलं. तिचं मला सगळं माहीत आहे.

तू काय वापरतेस ते लिहून पाठव. मी नक्की करीन. उद्या वसंताचा सण आहे. आम्ही अंडी रंगवली. तुझं निळं आहे. मावशी म्हणते ते तू येईपर्यंत टिकणार नाही, पण मी ठेवलंय.

तुझी लाडकी,
रिहाम


सूर, २२ मे १९८६

चि. रिहाम हिस आईचे पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद,

मी रागावले नाही ग बाळा. मावशीच्या चष्म्याचं घर झकास झालंय. सुईदोरा काढून टाकायला सांग, नाहीतर मला येऊन कान धरावे लागतील.

तू विचारलंस, मी रोज काय वापरते. मी खोलीभर बघत बसले. एक पेला, एक ताटली, एक उशी. सगळं एकेकच. शाळेत खडू. सध्या रोजे आहेत, तर संध्याकाळी खिडकीशी एक खजूर खाऊन रोजा सोडते. समोर तुझ्या शाळेतली नाही, इथल्या मुलींची कागदाची फुलं आहेत, उन्हाने पांढरी पडलेली. खूप शोधलं, पण तुला सांगावं असं काही सापडलं नाही. मला तुझ्यावाचून करमत नाही, एवढंच सापडलं.

मुख्याध्यापिकाबाईंना काल तो कागद परत दिला, सही न करता. त्या म्हणाल्या, तुमचं घर अर्धवट राहील. राहू दे म्हटलं. मावशीला सांग, सळयांवर कपडे अजून खूप वर्षं वाळत घालायचेत.

ईदला पोचत नाही, जूनअखेर येते. ते निळं अंडं फेकून दे, आता घाण येत असेल. मी आले की माझी बॅग मावशीच्या पलंगाखाली ढकल, पार भिंतीपर्यंत. आणि मग माझ्यावर नजर ठेव. मी काय वापरते, काय कुठे विसरते, कशावरून चिडते, सगळं बघ. एकवीस मार्चला अजून भरपूर अवकाश आहे. तोवर मी तुझ्यासमोरच असेन.

मावशीला सलाम, तुला पापा.

तुझी,
आई