ॲम्पातला शूऽऽ

आई, तुला वाचायला लई वेळ लागायचा अन् माझं अक्षर तर कोंबडीनं माती उकरल्यासारखं, तरी लिहायलोय. तू जाऊन बारा वर्षं झाली. परवा आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका नव्या पोराचा बास गिटारचा ॲम्प लई शूऽऽ करत होता. शेगडीचा गॅस चालू केला अन् पेटवायचा राहिला तर येतो ना, तसला आवाज. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायले. मी गिटारची वायर उपटली, शूऽऽ तसाच. व्हॉल्यूम पार खाली केला, शूऽऽ गायब. म्हणलं, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटनाच्या आधीच खराबी आहे, पहिल्या आयसीपाशी, आवाज वाढवणाऱ्या त्या काळ्या चिपपाशी. ती बदलली, ॲम्प गप. पोरं म्हणले, "दादा, हे कुठं शिकलात?" मी म्हणलो, "जर्मनीला." सगळे हसले. तुझं नाव सांगायला मात्र जीभ उचलली नाय.

शिकलो तर तुझ्याकडंच, रांजणगावच्या आपल्या खोलीत, मोरीच्या बाजूला पसरलेल्या पोत्यावर. तू वाळूजला कंपनीत कितीतरी वर्षं सोल्डरिंगच्या लायनीवर होतीस. मग ती लाईन बंद पडली अन् तुम्हा बायांना पत्रा ठोकायच्या प्रेसवर टाकलं. दिवसभर पत्र्यावर धाडधाड धाडधाड. कानात घालायचा कापूससुद्धा तुम्हीच घरून न्यायच्या. शिफ्टच्या बसमधून उतरलीस की तू इतक्या मोठ्यानं बोलायचीस की शेजारची म्हातारी म्हणायची, "भांडण काहून लावलं गं?" अन् मी असला वांड. एकदा तुझ्या डब्यात भाकरीच्या मापाचा गोल पुठ्ठा कापून ठेवला, खरी भाकरी त्याच्या खाली. संध्याकाळी काठी घेऊन येशील म्हणून मी दाराआड लपलो, तर तू चपला काढत म्हणलीस, "पुठ्ठा चांगला होता रे मुडद्या, लोणच्यासंगं बरा लागला." तसली तू. तुझी चेष्टा केली तर तू दोन पावलं पुढं जायचीस.

मी ऑर्केस्ट्रात बास वाजवायला लागलो तेव्हा जुनाच ॲम्प मिळाला होता, अन् तो पहिल्या दिवसापासून शूऽऽ करायचा. लग्नात गाणारी बाई थांबली की लोकं स्टेजकडं बघायचे, कुठं काय गळायलंय म्हणून. तू रविवारी तो उघडलास. "घूं आला तर अर्थिंग बघायचं, शूऽऽ आला तर पहिली आयसी बघायची," असं म्हणत तुझं चाललेलं. शहागंजातून पार्ट मी आणले, सोल्डरचा डाग तू दिलास. राळेचा धूर तुझ्या डोळ्यात जायला लागला की तू मान तिरकी करायचीस, हात मात्र हलायचा नाय. मग मी गिटार जोडली. असा गप झाला होता गं तो ॲम्प, की तारेवरून बोट सरकलेलं कळत होतं.

तू म्हणलीस, "नाय, अजून येतोय बारीक."

"आई, गेला की."

"तुझ्या तोंडचं खरं कोण मानंल? पुठ्ठा खाऊ घालणारा तू. माझं मन राखायला म्हणतोस."

पुढच्या रविवारी तू परत उघडलास, गिटारची वायर घुसते ते सॉकेट बदललंस. त्याच्या पुढच्या रविवारी आतल्या वायरी. गप ॲम्पाची तू नाडी बघत बसलीस, अन् मी पन्नास वेळा सांगूनही तुला पटंना. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो अन् ते चालंना, याचा मला राग यायला लागला.

म्हणून चौथ्या रविवारी मी ते केलं. ऑर्केस्ट्रातले तिघं घरी आले होते. तू डोळे मिटून, स्पीकरच्या कपड्याला कान लावून बसलेली. मी हळूच मागं गेलो अन् ॲम्पाचा प्लग बोर्डातून काढला. ड्रमवाल्याला डोळा मारला. मग विचारलं, "आता येतो का, आई?"

"येतो की. बारीक आहे, पण येतो."

ड्रमवाल्यानं प्लग मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा वर धरला. "मौशी, आँखां खोलो, लाइटच नहीं इसमें!" अन् सगळे असे हसले, एक जण तर पोत्यावर आडवा झाला. तू पण हसलीस आधी. वायरीकडं बघितलंस, मग आमच्या चौघांकडं एक एक करून बघितलंस, अन् हळू आवाजात विचारलंस, "मग तुम्हाला कुणालाच येत नाय का ऐकू?" त्याच्यावर पोरं आणखी हसली. तू सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवलीस, उठलीस अन् सगळ्यांना चहा केलास. माझ्या कपात साखर टाकायची राहिली.

ती कांडी तू परत हातात धरली नाहीस. मी मात्र तो किस्सा गल्लीभर केला, दोन गाण्यांच्या मधी स्टेजवरसुद्धा सांगितला. तो फिरत फिरत तुमच्या बसपर्यंत गेला. बाया म्हणायच्या, "अक्का, आमच्या घरचा बंद फॅन पण आवाज करायलाय, येता का बघायला?" पुठ्ठ्याला उत्तर देणारी तू, ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसायला लागलीस. कंपनीत कान तपासायचे तर दूरच, घरात पण त्या आवाजाचं नाव काढलं नाहीस. आणखी सात वर्षं प्रेसवर काढलीस तशीच.

शेवटी घाटी दवाखान्यात नेलं तेव्हा तुला दारावरची थाप ऐकू येत नव्हती. डॉक्टर म्हणले, हा शूऽऽ कानातलाच, प्रेसच्या दणक्यानं आलेला. आवाज यायला लागला तेव्हाच प्रेस सोडली असती तर उरलेलं ऐकू येणं वाचलं असतं. तुला काही कळलं नाय, तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. घरी येताना रिक्षात मी तुझ्या कानाला तोंड लावून मोठ्यानं विचारलं, "मी वाजवतो ते तरी ऐकू येतं का?" तू म्हणलीस, "येतं रे. पण हा शूऽऽ सारखा पुढं असतो. तुझं त्याच्या मागं राहतं."

तू गेल्यावर सगळ्यांना मी हेच सांगितलं, की आम्हाला कळलंच नाय, डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. बहिणीला सांगितलं, मामाला सांगितलं, बायकोला पण. ही चिठ्ठी कुणाला दाखवायची नाय म्हणून इथं लिहितो. त्या रविवारी तू आमच्याकडं एक एक करून बघितलंस ना, तेव्हा तुझी नजर माझ्यावर आली तशी मी खाली वायरीकडं बघितलं. ॲम्प बंद आहे अन् आवाज येतोय, तर तो कुठून येतोय, हे कळायला काय शाळा लागते? मला तिथंच कळलं होतं, आई. पोरं हसत होती, म्हणून मी पण हसत राहिलो.