फोन वाजला की स्क्रू पडतो

सोमवार, ३ तारीख. सकाळी ११.१०
स्क्रू पडला. डॉक्टरांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ उघडून बसलो होतो. डोळ्याला भिंग, चिमट्यात खसखशीएवढा स्क्रू, आणि नेमका तेव्हाच फोन. बायको. जेवायला येताय ना, म्हणे. तीस वर्षं दीड वाजता घरी जेवतोय, आज काय चंद्रावर जेवणार? लोकांना फोन करायची अक्कल नाही.
घड्याळ शनिवारी द्यायचंय. शब्द दिलाय.

दुपारी ४
स्क्रू चपलेत सापडला. बसवताना परत पडला. फोनवर कुणी बाई विमा विकत होती, चांगली झापली. आधी फोन वाजला की आधी स्क्रू पडला, नीट आठवत नाही. फोनच असणार.

मंगळवार, ४
दुकानाच्या काचेवर कागद लावला. अकरा ते पाच फोन करू नये. काम असेल त्याने यावं, नसेल त्याने घरी बसावं. एक गिऱ्हाईक वाचून हसलं. मग खाली नंबर कशाला लिहिलाय, म्हणे. मूर्ख.
बायको म्हणते, बारीक कामं माझ्या भावाला देत जा. म्हणजे मेहुण्याला! सेल बदलतो आणि पट्टे विकतो. त्याला घड्याळजी म्हणायचं तर पोस्टमनला लेखक म्हणा. त्याचा हात म्हणे स्थिर आहे. असेल. डोकं चालत नसलं की हात स्थिरच राहतो.

बुधवार, ५
फोन सायलेंटवर टाकला. तरी मेला टेबलावर थरथरतो. स्क्रू घरंगळला. फोन थरथरतो म्हणून टेबल थरथरतं, टेबल थरथरतं म्हणून हात. साधं शास्त्र आहे.

गुरुवार, ६
फोन घरीच ठेवला. स्क्रू पडला. शेजारच्या शिंप्याचा फोन वाजला असणार. जाऊन चार शब्द सुनावले. म्हणतो, काका, माझा फोन कालपासून दुरुस्तीला दिलाय. खोटारडा.

शुक्रवार, ७
शिंपी सुट्टीवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भिंतीवरची सगळी घड्याळंसुद्धा थांबवली, मनगटावरचं तेवढं चालू.
१२.४० स्क्रू पडला. १.१५ पडला. २.०५ परत.
काहीही वाजलं नव्हतं. भिंग काढून उजव्या हाताकडे बघत बसलो. थांबेना. मांडीखाली दाबला, तिथेही थांबेना. भीती वाटली. घरी काही बोललो नाही.

शनिवार, ८
घड्याळ मेहुण्याकडे नेलं. वेळ नाही म्हणून, असं सांगितलं. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून, कुणाशी तरी खिदळत, त्या गाढवानं एका दमात स्क्रू बसवला. फोन ठेवलासुद्धा नाही. मला म्हणाला, भावजी, अजून काही असेल तर पाठवा.
डॉक्टर घड्याळ कानाला लावून म्हणाले, तुमच्या हाताला तोड नाही. मी हो म्हणालो.

सोमवार, १०. सकाळी १०.३०
काचेवरचा कागद काढला. फोन पूर्ण आवाजावर ठेवला. बायकोला सांगितलं, रोज अकराला एक फोन करत जा. कशाबद्दल, म्हणाली. कशाबद्दलही कर.

११.२०
अजून फोन नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून ठेवलंय. चिमटा उचलायची हिंमत होत नाही.